अक्षय ठेव : पंडिता रमाबाई

इंदूरहून दौंडला जाणारी गाडी पुणे सोडून पुढे निघाली, की दौंडच्या थोडे अलीकडे केडगाव नावाचे स्टेशन येते. आपल्या मंडळातली बरीच कुटुंबे सुट्टीत या गाडीने जातात, पण पुण्यालाच उतरतात; त्यामुळे केडगाव पाहण्याचा योग सहसा येत नाही. या गावी पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी तिथेच देह ठेवला. शाळेच्या पुस्तकात त्यांच्याविषयी एखादा परिच्छेद असे. संस्कृतच्या मोठ्या विदुषी, विधवांसाठी शारदा सदन काढले, ख्रिस्ती झाल्या, इतके सांगून तो संपे. त्यानंतरची जवळजवळ चाळीस वर्षे मराठी घरांत फारशी सांगितली गेली नाहीत. आम्ही येथे मुख्यतः तीच सांगणार आहोत.

आमचा जन्म बँकेत गेला. कोणी वचन दिले की ते कागदावर हवे, त्याला तारण हवे, जामीन हवा आणि मुदतही हवी, या शिस्तीत आम्ही वाढलो. तेव्हा हाताशी ठरलेले उत्पन्न नसताना, केवळ देवाने दिलेल्या वचनावर विसंबून शेकडो मुलींना रोज दोन वेळा जेवू घालणारी बाई आपल्याच मराठी मुलखात होऊन गेली, याचे कुतूहल आम्हाला धर्माच्या आधी हिशेबाच्या बाजूने वाटले. हे तिने केले कसे, आणि का केले?

याचे उत्तर शोधायला तिच्या बालपणाकडे जावे लागते. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. सह्याद्रीतल्या गंगामूळ नावाच्या रानात, आजच्या कर्नाटकात, वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आश्रम थाटला होता. शास्त्रीबुवा चित्पावन ब्राह्मण, मोठे विद्वान आणि हट्टी. बायकांनी संस्कृत शिकू नये अशी समजूत सर्वत्र असताना त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. आणि लक्ष्मीबाईंनी पुढे धाकट्या रमेला. आश्रमात विद्यार्थी राहत, यात्रेकरू जेवत, येईल त्याला वाढायचे असा रिवाज. परिणाम व्हायचा तोच झाला. कर्ज झाले, जमीनजुमला गेला, आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. रमा तेव्हा तान्ही होती. वेताच्या पेटाऱ्यात घालून गड्याच्या डोक्यावरून तिला डोंगराखाली आणले, असे त्यांनीच नमूद केले आहे.

पुढची वर्षे पायी भटकण्यात गेली. देवळात, नदीच्या घाटावर, कुठल्याशा वडाखाली बसून पुराण सांगायचे आणि श्रोते देतील त्यावर गुजराण करायची. मिळेल त्यातला बराच भाग शास्त्रीबुवा दानधर्मात घालीत. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. ऐकायला कोणी येईना, भांडीकुंडी आणि दागिने विकून झाले, आणि भीक मागणे किंवा मोलमजुरी करणे या कुटुंबाला ठाऊक नव्हते. देवाची आराधना मात्र चालूच होती. तिरुपतीच्या परिसरातल्या रानात अकरा दिवस या मंडळींनी पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले होते. भाऊ श्रीनिवास म्हणाला की आता मी हमाली करीन, तेव्हा तो बेत राहिला. पण शरीर पार खचले होते. वडील गेले, थोड्याच महिन्यांत आई गेली, आणि मग थोरली बहीण कृष्णाबाई. मरण्यापूर्वी वडिलांनी रमेला जवळ घेऊन सांगितले होते की मी तुला देवाच्या हाती सोपवले आहे, तू त्याचीच होऊन राहा. पुढे धर्म बदलला तरी वडिलांचे हे सांगणे त्यांनी जन्मभर जपले. आपल्याला जे काही ज्ञान मिळाले ते आईवडिलांमुळे मिळाले, हा कृतज्ञतेचा उच्चार त्यांच्या लिखाणात वारंवार येतो. धर्म सोडणारी माणसे बहुधा मागचे सगळे टाकून देतात असा समज असतो. रमाबाईंनी तसे केले नाही. त्या शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या आणि साधे पांढरे लुगडेच नेसत.

भाऊ-बहीण दोघेच उरले आणि चालत राहिले. पंजाबात झेलमच्या काठी थंडीने जीव जाऊ लागला, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्याला पोहोचली. वीस वर्षांची मुलगी धडाधड संस्कृत बोलते हे पाहून तिथले पंडित थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढचा भाग सर्वांना माहीत आहे म्हणून झटपट सांगतो. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी दास मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. १८८१ च्या एप्रिलमध्ये मुलगी मनोरमा झाली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी कॉलऱ्याने नवरा गेला. थोड्याच काळाचा संसार. नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली होती.

तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर यांची मागणी केली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात गदारोळ उठला. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ च्या सत्सार या अंकांतून त्यांची बाजू उचलून धरली.

इथे एक गोष्ट थांबून सांगण्यासारखी आहे. बाप्तिस्म्यानंतर रमाबाई मुकाट्याने मिशनऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे वागल्या असे कोणी समजू नये. वाँटेजच्या जोगिणींशी त्यांचा पत्रांतून बराच वाद झाला. आपल्या सदसद्विवेकबुद्धीवर कोणाही माणसाचा अधिकार त्या मानायला तयार नव्हत्या. आणि पुढे त्यांनी स्वतःच कबूल केले की १८८३ साली आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्तावर विसंबून राहणे म्हणजे काय ते आपल्याला आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास उमगले. खाते उघडले होते, पण त्यावर व्यवहार कधी केला नव्हता, असे आम्ही आमच्या भाषेत म्हणू.

मधल्या काळात त्या अमेरिकेत जाऊन आल्या होत्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला त्या हजर होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी १८८७ साली इंग्रजीत पुस्तक लिहिले, गावोगाव भाषणे केली, आणि बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. या संस्थेने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. मुदत ठरलेली, रक्कम ठरलेली, मागे भली माणसे उभी. कोणत्याही बँकेने डोळे झाकून मान्य करावा असा हा व्यवहार होता. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. धोंडो केशव कर्व्यांशी ज्यांचे १८९३ साली लग्न झाले त्या गोदूबाई याच सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी.

त्याच १८९३ सालात वाद पेटला. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. मुलींना यायला सांगत नाही, पण आल्या तर हाकलणारही नाही, अशी त्यांची भूमिका. केसरीने झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. आमचे मत विचाराल तर दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. ज्यांनी तटस्थतेच्या भरवशावर मुलगी ठेवली त्या बापाचा राग आम्हाला समजतो. आपल्याच घरात दार लावून देवाचे नाव घ्यावे, ही अट जाचक वाटणाऱ्या रमाबाईही समजतात. काही असो, पुण्यातला आधार सुटला, आणि अमेरिकेतल्या मदतीची मुदत संपायला पाच-सहा वर्षे उरली.

अशा वेळी व्यवहारी माणूस जे करील तेच त्यांनी आधी केले. केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळझाडे लावली. दहा वर्षांची मदत थांबेल तोवर झाडे धरू लागतील आणि सदनाचा खर्च बागेतून निघेल, असा हिशेब. देवावर भरवसा ठेवणारी बाई म्हटल्यावर हात जोडून बसलेली मूर्ती डोळ्यांपुढे येते. रमाबाईंच्या हातात आधी कुदळ दिसते.

याच सुमारास त्यांनी तीन माणसांच्या हकिकती वाचल्या. ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर, चीनमध्ये काम करणारे हडसन टेलर आणि दक्षिण सागरातल्या बेटांवर गेलेले जॉन पॅटन. म्युलर यांनी हजारो अनाथ मुले सांभाळली, आणि गरज काय ती फक्त देवाला सांगायची, माणसांपुढे हात पसरायचा नाही, असा नियम पाळला. रमाबाईंना प्रश्न पडला की हे तिकडच्या देशांत जमले, पण हिंदुस्थानात जमेल का? हा प्रश्न आम्हाला फार प्रामाणिक वाटतो. ज्या बाईने आईवडिलांना देवाची आराधना करता करता उपाशी मरताना पाहिले, तिला भरवसा हा शब्द स्वस्त वाटणे शक्यच नव्हते.

१८९६ च्या उन्हाळ्यात लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचे शिबिर भरले होते. रमाबाई आपल्याबरोबर ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली घेऊन गेल्या. एके पहाटे त्या एकट्याच रानात जाऊन प्रार्थनेला बसल्या. आधी पंधरा मुलींबद्दल आभार मानले, आणि मग मागणे मागितले की या संख्येचा वर्ग व्हावा. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस! सदनात तेव्हा एवढ्या मुलींना जागा नव्हती, पैसाही नव्हता. मिळालेल्याबद्दल आधी आभार आणि मग पुढचे मागणे, हा क्रम त्यांच्या आयुष्यात नेहमी दिसतो. मराठी ख्रिस्ती घरांत यालाच उपकारस्तुती म्हणतात.

त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आपल्या इंदूरपासून फार लांब नाही हा मुलूख. नर्मदेच्या खोऱ्यातले आणि जबलपूरकडचे जिल्हे त्यात होते. बातम्या वाचून रमाबाईंना तिरुपतीच्या रानातले अकरा दिवस आठवले. आपण त्या दुष्काळातून वाचलो ते कशासाठी, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. जवळ पैसे नव्हते. त्या तरी निघाल्या. मदत-छावण्यांत त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या, आणि अशा अनाथ मुलींना व तरुण विधवांना पळवून नेणारे दलालही पाहिले. काही महिन्यांत त्यांनी सुमारे तीनशे जणींना पुण्याकडे आणले. लोणावळ्याला मागितलेला आकडा केव्हाच मागे पडला.

या मुली म्हणजे चित्रातल्या गोंडस अनाथ बालिका नव्हत्या. आजारी, अंगावर व्रण, उपासमारीने हावरट झालेल्या, चोरून अन्न लपवणाऱ्या, भांडणाऱ्या. काही हाती लागल्या त्या मरणाच्या दारातच. त्या वाचल्या नाहीत. त्यातच १८९७ चा पुण्याचा प्लेग. एवढ्या मुली शहरात ठेवता येणार नाहीत असा अधिकाऱ्यांचा हुकूम आला, तेव्हा केडगावच्या शेतात आधी तात्पुरते निवारे उभे राहिले. जी जमीन फळबागेच्या उत्पन्नासाठी घेतली होती ती अशी कामी आली. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांच्या वाट्याला जे येत होते त्याविषयी रमाबाईंनी बॉम्बे गार्डियन या पत्रात उघड लिहिले आणि सरकारचा रोष पत्करला. देवाचे आभार मानणारा माणूस सरकारचेही सगळे गोड मानून घेतो, असे नाही.

१८९८ मध्ये बोस्टनच्या संस्थेची दहा वर्षे भरली. रमाबाई स्वतः अमेरिकेला जाऊन आल्या. जुन्या संस्थेच्या जागी नवी संस्था झाली, पण आता ठरावीक रकमेची हमी नव्हती. आमच्यासारख्याची झोप उडाली असती. इथे केडगावला मुक्ती सदनाचे बांधकाम सुरू होते, आणि सप्टेंबर १८९९ मध्ये मोठ्या प्रार्थनामंदिराचा पाया घातला गेला. लगेच पुढचा दुष्काळ आला. संवत १९५६ मधला म्हणून आपल्याकडे, माळव्यात आणि राजस्थानात, जुनी माणसे ज्याला छप्पनचा काळ म्हणत, तोच हा. या वेळी रमाबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या मुलीच गुजरात आणि राजपुताना भागात गेल्या आणि तिथल्या मुलींना घेऊन आल्या. तीन वर्षांपूर्वी ज्यांना स्वतःला उचलून आणले होते त्यांतल्याही काही त्यांत असतील. मुक्तीतली वस्ती दीड हजारांच्या वर गेली.

दीड हजार माणसांना रोज किती धान्य लागते याचा हिशेब घरातल्या बायकांनी सहज करून पाहावा. जळण, मीठ, तेल, कपडे, औषध वेगळे. रमाबाई माणसांकडे मागत नसत. रोजच्या प्रार्थनेत गरज सांगितली जाई. पैसे येत ते इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणांहून, बहुतेक लहान लहान रकमांनी. कोणी म्हणेल की मागत नव्हत्या, पण अहवाल तर छापत होत्या, आणि मुक्ती प्रेअर बेल नावाचे इंग्रजी पत्रकही केडगावहून निघत होते. परदेशातल्या वाचकाला गरज कळत होतीच. हा आक्षेप आम्हाला अगदी फेटाळावासा वाटत नाही. पण दुसऱ्याचा पैसा घेतला तर त्याचा हिशेब आणि त्याचे आभार या दोन्ही गोष्टी पोचवल्या पाहिजेत, हे आम्ही नोकरीत पहिल्या दिवशी शिकलो. अहवाल न छापता भरवसा दाखवला असता तर तो आम्हाला जास्त संशयास्पद वाटला असता.

आणि मुक्तीत कोणी बसून खात नव्हते. शेती, गाईम्हशी, तेलाचा घाणा, माग, शिवणकाम, धुलाई, दळणकांडण, छापखाना, सगळे बायकाच चालवीत. अंध मुलींसाठी वेगळे शिक्षण होते. मनोरमेने परदेशातून ब्रेल लिपी शिकून आणली होती. समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची एक मोठी लाट उसळली, तिची ख्याती दूरवर गेली. तिच्याविषयी ख्रिस्ती मंडळींतच मतभेद आहेत, तो विषय आम्ही इथे सोडतो. १९०७ साली रमाबाईंनी आपली कहाणी इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केली. तिला दिलेल्या नावाचा अर्थ, आमच्या अक्षय ठेवीची साक्ष. ठेव हा शब्द आम्हाला इथे भेटला याचे मोठे नवल वाटले. व्याज घसरते, बँका बुडतात, असोसिएशनची मुदत संपते. त्यांनी शोधलेली ठेव या जातीची नव्हती.

शेवटची बरीच वर्षे त्यांनी एका कामाला वाहून घेतले, ते म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. आधीची भाषांतरे त्यांना फार संस्कृतप्रचुर वाटत. गंमत पाहा, ज्यांना संस्कृतने सरस्वती म्हणवले त्यांनाच हे खटकत होते. दुष्काळातून आलेल्या, नुकते अक्षर गिरवू लागलेल्या मुलीला वाचून कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कानांनी ऐकू येणे कमी होत गेले होते. केडगावच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवीत आणि मुद्रिते काढीत.

हे काम चालू असतानाच जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची, आईचा उजवा हात, मुक्तीची पुढची सूत्रधार म्हणून जिच्याकडे सगळे पाहत होते ती. आई, बाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता मुलगी. वचनांवर विसंबलेल्या माणसाला देवाने सगळे परत दिले, अशी गोड गोष्ट सांगण्याची सोय रमाबाईंच्या चरित्रात नाही. त्यांनी दुःख केले, प्रार्थना चालू ठेवली आणि पुन्हा मुद्रिते हाती घेतली.

शेवटची पाने तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे एवढेच त्या मागत होत्या, असे सांगतात. पाने तपासून झाली, आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्या गेल्या. त्यांचे संपूर्ण मराठी बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. ते छापणाऱ्या बायकांपैकी कित्येकींना पंचवीस-तीस वर्षांपूर्वी दुष्काळाच्या छावणीतून उचलून आणले होते, आणि तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.